तळघरातली कोरडी टाकी

"आधी काजळी उतरू दे, मग वर येतो."

शाळेत होते तेव्हा रोज दुपारी हा आवाज कानावर यायचा. बाबांचा. तळघरातून.

पोलादाच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की ते टेकडी चढून मागच्या दाराने थेट तळघरात शिरायचे. बूट तिथेच, कपडे तिथेच. तिथेच उघड्यावर एक कमोड, ना भिंत ना पडदा, आणि शेजारी शॉवर. आमच्या टेकडीवर घरोघरी असंच होतं. भट्टीची काजळी अंगावर घेऊन कुणी पुरुष स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे.

आणि तो अंग धूत असताना कुणी बाई खाली उतरत नसे. वरून नुसतं ऐकायचं.

कमोडची टाकी ओतली, टाकी भरली. शॉवर सुरू, शॉवर बंद. की आई ताट वाढायची.

आता पुढचं ऐका. विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण तळघरात मी होते, आणि पाना माझ्या हातात होता.

पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या आमच्या गावातली ही गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, गुरुवार. रात्र नव्हती. पाऊस नव्हता. अंगणात छान ऊन पडलं होतं.

माझी आई ऑल्गा तेव्हा त्र्याऐंशीची. बाबा गेल्यापासून त्या घरात एकटी. उन्हाळ्यापासून तिचं एकच चाललं होतं... खाली पाणी वाजतं. रोज तीन वाजून वीस मिनिटांनी. टाकी भरायला लागते, आणि भरतच राहते.

माझा भाऊ लेनर्ड ओहायोत असतो. आईचं डोकं गेलंय, असं त्याने फोनवरच ठरवून टाकलं. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा होती, तिथली खोलीही बघून ठेवली. रविवारी येऊन तिला घेऊन जाणार होता.

त्या घरातून उचललं तर आई महिनाभर टिकायची नाही. हे मला माहीत होतं. बहुतेक त्यालाही माहीत होतं.

मी त्याला समजावलं. जुन्या टाक्या असं करतातच. खालचं रबर झिजतं, पाणी गुपचूप झिरपतं, मग वॉल्व्ह आपोआप टाकी भरायला लागतो. म्हणजे डोकं बिघडलेलं नाही, वॉल्व्ह बिघडलाय.

"तू प्लंबर कधी झालीस, बर्नी?"

"तुझ्या घरचं सिंक तू फोडलंस आणि मी जोडलं, तेव्हा."

तो हसला. म्हणाला, ठीक आहे, वॉल्व्ह खराब निघाला तर मी येत नाही. नाही निघाला तर तिची बॅग भरून ठेव.

एवढंच होतं. एका वॉल्व्हवर आई अडकली होती.

गुरुवारी दुपारी मी बाबांचा पाना घेऊन जिन्याशी गेले, तर आई गॅसपाशी कोबी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बापाचा पाना उचललास, पण बापाचं डोकं कुठून आणशील, बाई?" मी म्हटलं, ते तूच दिलं नाहीस. एरवी ती यावर खळखळून हसली असती.

हसली नाही.

तळघरात गारवा होता. कमोड आपल्या जागी, एखाद्या विसरलेल्या पाहुण्यासारखा. मी भिंतीतला पाण्याचा कॉक बघितला... घट्ट बंद. गंजून जागीच बसलेला. खालूनच विचारलं, हा कधी बंद केलास?

वरून उत्तर आलं. "तुझे बाबा गेले त्या दिवशी."

एकोणचाळीस वर्षं.

बाबा तिथेच गेले होते. मार्च महिना, पहिल्या पाळीहून आल्यावर, अंग धुवायला गेले असताना. आम्ही दोघं त्या दिवशी उशिरापर्यंत शाळेतच थांबलो होतो. आईने ताट वाढलं, ते वर आले नाहीत, म्हणून ती खाली गेली. क्षणात गेले, त्यांना काही कळलंच नाही... आम्हाला असंच सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर आम्ही दोघं मोठे झालो.

मी टाकीचं झाकण उचललं.

आत थेंब नव्हता. तळाशी गंजाची भुकटी. पितळी वॉल्व्हच्या दांड्यावर तांब्याचा गोळा, आणि गोळ्यापासून टाकीच्या भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं. अखंड. एक धागा तुटलेला नव्हता.

इथे पाणी वाजणं शक्य नव्हतं.

मी उलट्या बादलीवर बसून राहिले. लेनर्ड बरोबर होता. रविवारी तो येईल, आई कोट घालून दारात उभी राहील, आणि मी बॅग उचलेन.

मग मी ठरवलं, खोटं बोलायचं. जुना वॉल्व्ह काढायचा, त्याचा फोटो लेनर्डला पाठवायचा आणि सांगायचं, हाच गळत होता. म्हणून कामाला लागले. वॉल्व्ह धरून ठेवणारी टाकीखालची चाकी तासभर हलेना. शेवटी निघाली, पण भिंतीकडून येणारी जुनी नळीही हातात तुटून आली. दोन तुकडे. ते जमिनीवर ठेवले. सोबत आणलेला नवा पांढरा वॉल्व्ह टाकीत बसवला. त्याचा फ्लोट, पाण्याबरोबर वर चढणारा प्लास्टिकचा डबा, सरकन खाली घसरून तळाशी बसला. नवी नळी गाडीत होती, ती आणायला म्हणून वर आले.

आई कोबी परतत होती. घड्याळात तीन वीस.

खाली मागचं दार वाजलं...

मग एक बूट पडला.

मग दुसरा.

टाकी ओतल्याचा आवाज आला... आणि टाकी भरू लागली.

देवाशपथ सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. मलाही ऐकू येत होतं. आईचं डोकं ठिकाणावर होतं.

मग आठवलं, नळीचे दोन तुकडे जमिनीवर पडले आहेत.

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिचा चमचा फिरत होता, फिरत होता...

आणि खाली काहीतरी पडलं. जड. ओल्या पोत्यासारखं.

याबद्दल आई कधीच बोलली नव्हती. ना मला, ना लेनर्डला.

चमचा क्षणभर थांबला. पुन्हा फिरू लागला.

मी खाली गेले. का गेले ते विचारू नका. मागच्या दाराला आतून कडी. जमीन कोरडी. बूट नाहीत, कुणी नाही. आणि टाकीतून पाण्याचा आवाज, वाहता, न थांबणारा.

झाकण उचललं.

टाकी कोरडीच होती. पण फ्लोट...

फ्लोट वर होता. दांड्याच्या टोकाशी. हलकेच डुलत होता, पाण्यावर डुलावा तसा.

मी आत हात घातला. बोटांना गंजाची भुकटी लागली. पण मनगटापर्यंत हात बर्फासारखा गार पडला, आणि त्याच्या वर उबदार. मध्ये सरळ रेघ. पाण्याची असते तशी.

किती वेळ तशी उभी होते, कळलं नाही. मग आवाज आपणहून थांबला आणि फ्लोट टक करून तळाशी पडला. वर आले तेव्हा घड्याळात चार वाजले होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरातूनच लेनर्डला फोन केला. वॉल्व्ह सडला होता, बदलला, आईचे कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत, असं सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, वाचलो. रविवारी आला नाही.

आई अजून त्याच घरात आहे. मी दर आठवड्याला जाते, पण दोनच्या आत निघते. माझा उजवा हात कधीकधी मनगटापर्यंत अजून गार पडतो. डॉक्टरांना काही सापडत नाही.

फोन ठेवला त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. मी आईसमोर बसले आणि विचारलं, काहीतरी पडतं, हे तू कधी का बोलली नाहीस?

तिने टेबलावरून हात फिरवला.

"क्षणात नाही गेला तो, पोरी. पडल्याचं मी ऐकलं होतं. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. वाटलं, पिऊन आलाय, पडलाय तर पडू दे. टाकीचं पाणी तसंच वाजत होतं. मी ताट मांडून बसले. चाळीस मिनिटं."

माझी नजर जिन्याच्या दाराकडे गेली.

"मध्ये त्याने खालून दोनदा ठोकलं," आई म्हणाली. "मी रेडिओ मोठा केला."