तांब्यावरची निळी लव

गंधाली चिंच-मिठाचा बोळा खाली ठेवते न ठेवते, तोच एक पोरगा धापा टाकत दुकानात शिरला.

"आईनं सकाळी पूजेची भांडी दिली ना घासायला... त्यात तांब्याचा एक गोळा होता?"

दहावीत शाळा सोडल्यापासून गंधाली मामाच्या या वाकोल्यातल्या दुकानात भांडी घासायची. आज तर ती स्वतःवरच खूश होती.

"होता. केवढा कळकट! वर सगळं निळं साचलेलं. आता बघ, झकास!"

लखलखता गोळा हातात घेऊन तो मटकन स्टुलावर बसला. नाव केयूर, कॉलेजात दगडांचाच अभ्यास.

"ते निळं... तेच तर हवं होतं. कॉनेलाइट म्हणतात. जुन्या खाणीत, वरच्या थरात तांब्याला पाणी, हवा, मीठ लागत राहतं... मग कुठंतरी अशी निळी लव उगवते. फार दुर्मिळ. सरांनी सोमवारच्या प्रदर्शनासाठी दिला होता."

गंधालीचं डोकं सटकलं. "मग देव्हाऱ्यात कशाला बसवलास त्याला?"

"मी टेबलावर ठेवलेला. आईला वाटलं, तांब्या-पळीसारखंच काहीतरी आहे, काळं पडलंय."

आणि तो चक्क हसला. ओरडला असता तर तिनं दोन शब्द जास्तच सुनावले असते. आता काय करायचं? तिनं गोळा हिसकावून घेतला, उन्हात फिरवला... आणि थांबली.

"ए, इकडे ये. ह्या फटीत बघ ना!"

बोळा तिथं पोचलाच नव्हता. आत निळेशार, केसाहून बारीक काटे. बघायला दोघं एकदम वाकले, टाळकी आपटली.

"आई गं!"

"लागलं?" त्यानं विचारलं. आवाज एकदम हळू.

"नाही रे... बघ तू."

तो मात्र गोळ्याकडे बघतच नव्हता.

"सोमवारी येशील? ही फट लोकांना तूच दाखव."

"मी? कॉलेजात? वॉचमन गेटवरच अडवेल. शाळा सोडलेली पोरगी मी."

"मी गेटवर उभा असेन."

होता. दिवसभर ती त्याच्या शेजारी उभी राहून येईल त्याला सांगत होती, "असं नाही, जरा खाली वाका. दिसलं?" सर आधी कपाळाला हात लावून बसले, मग तेही वाकले.

संध्याकाळी कॉलेजच्या पायरीवर कटिंग पिताना तिनं विचारलं, "घासलेल्या जागी परत उगवेल ती?"

"उगवेल कदाचित. पाणी, हवा, मीठ पाहिजे... आणि वेळ. खूप वेळ."

"मीठ आहे आमच्या दुकानात."

"आणि वेळ?"

गंधालीनं त्याच्या ग्लासातला उरलेला चहा आपल्या ग्लासात ओतून घेतला.

"तू येत जा ना... काढते मी."