घाटात कोण पाडतं लाकडाची गाडी?

"गाडी पडली! अरे धावा, घाटात गाडी पडली!"

सरिता ओरडली तसा प्रसेनजित ओल्या केसांनीच कोठीकडे पळाला. विहिरीवर पोहून दोघं भाऊबहीण नुकतीच घरी आली होती.

घाट म्हणजे काही पातूरचा घाट नव्हे हं! मेडशीच्या त्यांच्या घरातली सोयाबीनची कोठी उन्हाळ्यात रिकामी असते. तिथे एका जुन्या दाराच्या फळीवर या पोरांनी अख्खं जंगल वसवलं होतं. वाळलेल्या तरोट्याची झाडं, मातीचा डोंगर, बांबूच्या कामट्यांचे रूळ, काडेपेट्यांची आरागिरणी, आणि जंगलातून सागाचे ओंडके गिरणीपर्यंत आणणारी आगगाडी! साग कसला, तुरीच्या तुराट्याच त्या, बोटाएवढ्या कापलेल्या. इंजिन चालायचं फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर. पंपाचंच गोल बटण पिळलं की गाडी हळू, नाहीतर सुसाट. रविवारी शाळेच्या सुट्टीतल्या प्रदर्शनात ती मांडायची होती.

आणि आता डोंगराच्या वळणावर सगळे डबे आडवे पडले होते. ओंडके विखुरलेले, इंजिनाचं धुराडं मोडलेलं.

"आज पुन्हा!" प्रसेनजित चिडला. "अन् ओंडके तर आपण उतरवून ठेवले होते ना? डब्यात भरले कोणं?"

तेवढ्यात खांद्याला थैली अडकवून रूपला दारात आला. हा तांड्यावरचा, प्रसेनजितच्याच वर्गातला, गाडीचा तिसरा कारागीर. आज तो पोहायला आला नव्हता.

"कुठं होता बे तू?" प्रसेनजितने विचारलं.

"घरी. बकऱ्यायले पाणी पाजाचं होतं."

"कालबी बकऱ्याच होत्या?"

"काहून? काय झालं?" रूपलाने फळीकडे पाहिलं. "पडली ना? म्या म्हणलं होतं, डब्याले बाजूनं खुंट्या ठोक. वळणावर लाकूड घसरते."

म्हटलं होतं खरं. तेव्हा प्रसेनजित म्हणाला होता, "इंजिनियर मी हावो!" आता तेच बोलणं त्याला झोंबलं.

"म्हणूनच पाडून राह्यला तू! आपलं खरं कराले! थैलीत काय हाय? दाखव!"

"दादा!" सरिता ओरडली. पण प्रसेनजितने थैली हिसकून उलटी केलीसुद्धा. शेजारची पोरं दारात उभी राहून पाहत होती.

पळसाच्या पानात गुंडाळलेली मातीची बैलजोडी खाली पडली. जंगलातून रुळापर्यंत ओंडके ओढायला बैल नकोत का? रूपलाने गुपचूप घडवले होते. एका बैलाचं शिंग तुटलं. रूपलाने ते उचललं, बैल थैलीत ठेवले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. दुपारी पोहून आल्यावर पाहतात तो काय, गाडी वळणावर पुन्हा आडवी!

"आता कोणाची थैली पाह्यशील?" सरिताने विचारलं.

प्रसेनजितचे कान तापले. मागच्या वर्षी रिसोडच्या एका दुकानात दुकानदाराने सगळ्यांदेखत त्याचे खिसे चाचपले होते. निघालं काहीच नव्हतं. घरी कोणाला सांगायची हिंमत झाली नाही, इतकी लाज वाटली होती. सांगितलं होतं फक्त एकाला. रूपलाला! अन् त्याच रूपलाची आपण थैली झाडली? त्याला स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"रडत बसू नको," सरिता म्हणाली. "चोर पकडू. जंगल खात्याच्या डेपोतल्या लाकडाच्या टोकाले लाल रंग असते ना? तसाच लावू. गेरू तेलात कालव, लवकर वाळणार नाई!"

दुसऱ्या दिवशी ओंडक्यांची टोकं लाल झाली. "आई, पोहाले चाल्लो!" असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडून दोघं निघाली.

परत आली तेव्हा गाडी पडलेलीच होती, आणि ओसरीवर धनराजकाका चहा पीत होते. काका एसटीचे ड्रायव्हर. खाकी शर्ट घालून ड्युटीवर निघायच्या तयारीत होते.

"भाऊजी, मिशीले काय लागलं तुमच्या?" आईने विचारलं. "लाल लाल?"

काकांनी मिशी पुसली. ती आणखीच लाल झाली! बोटंही लाल!

"काका!" सरिता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घाटात गाडी तुमी पाडता?"

"मी? पातूरच्या घाटात आजवर एक ओरखडा नाई माह्या..." काकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "लय मस्त गाडी बनवली रे तुमी. वाटलं, एक चक्कर मारू. भरली की त्या वळणावर पडतेच! मंग तुमचा आवाज आला की पळ काढला. एसटीचा ड्रायव्हर अन् खेळण्यातली गाडी पाडली, कोणाले सांगू?"

"रूपलाची थैली म्या उलटी केली तवा तुमी कुठं होते?" प्रसेनजितने हळूच विचारलं.

काकांची मान खाली गेली. "इथंच. ओसरीवर."

"शाब्बास! बरोबर पकडलं माह्या लेकरायनं!" आई कौतुकाने म्हणाली.

"शाबासकी नको देऊ, आई!" प्रसेनजितला रडूच फुटलं.

काका-पुतणे तसेच तांड्यावर गेले. रूपला बकऱ्यांना पाला टाकत होता. काकांनी हात जोडले. प्रसेनजित म्हणाला, "रूपला, चुकलो मी. माफ कर."

रूपलाने वर पाहिलं नाही. "थैली सगळ्यायसमोर उलटी केली. माफी बकऱ्यायसमोर मागून राह्यला?"

दोघं आल्या वाटेने परतले.

रविवारी शाळेत गाडीभोवती ही गर्दी! डब्यांना आता खुंट्या होत्या, आणि भरलेली गाडी घाटातून झोकात जात होती. संगीता मॅडम म्हणाल्या, "वा प्रसेनजित! डोकं आहे हं तुला!"

प्रसेनजितने बटण बंद केलं. "मॅडम, गाडी वळणावर पडत होती. खुंट्या ठोक असं रूपलानं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. उलट त्यानंच गाडी पाडली म्हणून सगळ्यायसमोर त्याची थैली झाडली. त्यानं काहीच केलं नव्हतं. मले लय लाज वाटते."

मग मागून वाट काढत रूपला पुढे आला. त्याने थैली प्रसेनजितसमोर धरली.

"काढ."

"तूच काढ ना."

"काढ म्हणतो ना! त्या दिवशी तर लय घाई होती तुले!"

प्रसेनजितने थैलीत हात घातला आणि अगदी हळू, जपून बैलजोडी बाहेर काढली. तुटल्या शिंगाच्या जागी बाभळीचा काटा बसवला होता. त्याने बैल ओंडक्यांपुढे उभे केले.

"आता खरं जंगल झालं! शाब्बास रे पोरांनो!" मॅडम म्हणाल्या.

"मंग? आता बटण कोण फिरवते?" गर्दीतले धनराजकाका हळूच पुढे सरकले.

"तुमी सोडून कोणीबी!" रूपला आणि प्रसेनजित एकदमच ओरडले.