मंद चालणारा शोध

श्रीवत्स आमच्या ऑफिसात आला तोच मुळी चुकीच्या मजल्यावर. लिफ्टमधून उतरला आणि समोर दिसलेल्या मलाच म्हणाला, "आमचं शोधणं बहुत मंद चालतें."

मी बघतच राहिले. चेन्नईत आल्यापासून समोर उभा राहून मराठी बोलणारा हा पहिलाच... आणि मराठी तरी कसली, पणजोबांची!

तो इथल्याच मैलापूरचा, तंजावरकडच्या मराठी घरातला. त्यांच्या समाजाची वधूवर साइट आमची कंपनी सांभाळायची. तक्रार माझ्याच गळ्यात पडली. मग तो दर शनिवारी येऊ लागला. फिल्टर कॉफी, थोडी थट्टा, आणि दोघांनी मिळून स्क्रीनकडे बघणं — म्हणजे तो बघायचा, मी नाही. बाकीचे दिवस खायला उठायचे. रूमवर पंख्याशिवाय कुणाचा आवाज नसायचा.

दोष मला लवकरच सापडला होता. अक्षरं क्रमाने लावायचा प्रत्येक भाषेचा नियम वेगळा. साइटवरच्या घराण्यांची अनुक्रमणिका तमिळ नियमानं लावलेली, आणि शोध मागत होता मराठी नियमानं. मग डेटाबेस ती अनुक्रमणिका बाजूला ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं वाचत बसायचा. मराठी नियमाची आणखी एक अनुक्रमणिका केली की काम फत्ते. पण मग शनिवारही संपले! मी आज-उद्या करत राहिले. शेवटी माझीच मला लाज वाटली आणि करून टाकलं.

त्या शनिवारी त्याच्यासाठी मुली बघायला त्याच्या आईचा, अन्नपूर्णाबाईंचा, फोन आला. त्यांनी घराण्याचं नाव सांगितलं, त्यानं टाइप केलं. पापणी लवायच्या आत मुली हजर.

त्याचा चेहरा पडला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "पूर्वी नांवं येईपर्यंत अम्मा कंटाळून उठून जाई. तुम्हांस कोणी सांगितलं नीट करायला?"

"तक्रार तुमचीच होती ना?"

"समाजाची. माझी नव्हे."

"मग दर शनिवारी कशाला यायचात?"

"कॉफीसाठीं नव्हे..."

"मलाही नव्हतं करायचं," मी म्हणाले. " तुम्ही यायचं थांबाल म्हणून."

त्यानं फोन कानाला लावला. "अम्मा, ह्यांत नाहीं. इथें समोर आहे. अवनी नांव... पुण्याची."

मग त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"जेवलीस का गे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

या शहरात मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "नाही," म्हटलं, आणि रडायलाच लागले.