दातांची कातडी

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या मुठीत रुमाल होता आणि रुमालात त्याच्या बाबांची कवळी. दोन तुकड्यांत.

"बसले हो तिच्यावर," तो धापा टाकत म्हणाला. "बाबा. कवळीवर. आज चार वाजता त्यांचा निरोपसमारंभ आहे शाळेत. आठवडाभर भाषण पाठ करतायत आणि आता तोंडातून साधं 'सन्माननीय'सुद्धा धड निघत नाहीये..."

जेवणाची सुट्टी होती. कृत्रिम दात बनवणाऱ्या त्या लहानशा प्रयोगशाळेत बारकी एकटीच होती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत, आणि ते नाव कसं कोण जाणे इथंही पोचलं होतं. कवळी जोडायला दोन दिवस लागतात, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण त्याने रुमाल टेबलावर असा अलगद उलगडला, जणू आतल्या दातांना लागेल... आणि तिने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "पण बोलू नका. माझा हात हलतो."

तो दोन तास बोलत होता. तिचा हात एकदाही हलला नाही. तुकडे जुळवले, प्लास्टरचा साचा घेतला, गुलाबी मिश्रण भरलं, गरम पाण्यात घट्ट होऊ दिलं, घासून चकचकीत केलं. सव्वातीनला कवळी त्याच्या हातात पडली आणि तो पळाला. आभार मानायचं जिन्यात आठवलं असावं, कारण खालून एक मोठ्ठं "थँक्यू!" घुमत वर आलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"पंधरा मिनिटांचं भाषण पन्नास मिनिटं चाललं. लोक पार कंटाळले, पण बाबा एका शब्दावर अडले नाहीत. वुई मेड इट बाय द स्किन ऑफ अवर टीथ!"

"काय?"

"म्हणजे... दातांच्या कातडीइतक्या फरकाने निभावलं."

"दातांना कातडी नसते," बारकी गंभीरपणे म्हणाली. "नऊ वर्षं दात करतेय मी."

तो इतका हसला की भिंतीला टेकावं लागलं. ती लालबुंद झाली. ते पाहून तो एकदम थांबला.

"अहो, तुम्हाला नाही हसलो! तुमचंच बरोबर आहे. कातडी नसतेच. जे नसतंच, तेवढ्याच फरकाने वाचलो, अशी गंमत आहे त्यात."

"तुम्हाला कसं एवढं इंग्रजी येतं?"

"मी पेपरात आहे."

"घरोघरी टाकता?"

"नाही हो," तो पुन्हा भिंतीकडे सरकला. "खेळांच्या पानावर. इंग्रजी बातम्या आपल्या भाषेत आणतो. कोण हरता हरता जिंकलं, कोण काठावर पास झालं... दिवसभर तेच."

बारकीने हातातली मेणाची वडी उगाचच दोनदा फिरवली. मग एका दमात सांगून टाकलं. दूरच्या एका शहरात चेहऱ्याचे कृत्रिम भाग बनवायचं शिक्षण मिळतं. नाक, कान, डोळ्याभोवतीचा भाग. दोन वर्षांचं. जागा आठ. मुलाखत सहा आठवड्यांनी, कॉम्प्युटरवर, आणि ती सगळी इंग्रजीत. "मला वाचता येतं. बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते."

"मी तीनला कामावर जातो," पेपरवाला म्हणाला. "त्याआधी मोकळा असतो."

सोमवारी आणि गुरुवारी, सगळे जेवायला गेले की तो यायचा. वितळलेल्या मेणाच्या वासात शिकवणी चालायची.

"वी पुल्ड इट ऑफ."

"ओढून काढलं? दाढ आहे का ती?"

"जमवून दाखवलं! कुणाला वाटलं नव्हतं, तरी. आणि स्क्रेप थ्रू म्हणजे—"

"खरवडत पार. ते कळलं. प्लास्टर खरवडण्यातच जन्म चाललाय."

"बाय अ व्हिस्कर. मिशीच्या एका केसाने."

"तुम्हाला तर मिशी नाही."

"ठेवू?"

"मला काय विचारता?" ती साच्यावर वाकली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"तुमच्या गालाला प्लास्टर लागलंय," तो हळूच म्हणाला. तिने पुसलं. "तिथे नाही... इथे." त्याचं बोट तिच्या गालापासून चार अंगुळांवर थांबलं, आणि तिथेच राहिलं. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा दोघं एकदम घोकू लागले, "अगेन्स्ट ऑल ऑड्स, सगळं विरुद्ध असूनही!" मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मालकीण, आत आल्या, दोघांकडे पाहिलं आणि पंखा वाढवून गेल्या.

चौथ्या आठवड्यात त्याने सहज विचारलं, "हे शहर नक्की किती लांब आहे?"

"रेल्वेने एकोणीस तास."

"अच्छा," तो म्हणाला. पुढचे दोन्ही वार तो आलाच नाही.

बारकीने स्वतःला बजावलं, की माणसाला कामं असतात. तरी दोन्ही दिवशी तिने चहाचे दोन कप काढले आणि एक परत ठेवला. मुलाखतीला चार दिवस उरले असताना तो दारात उभा दिसला.

"आजारी होतात?" तिचा आवाज हवा त्यापेक्षा कडक आला.

"नाही. रागावलो होतो."

"माझ्यावर?"

"त्या शहरावर." तो स्टूल ओढून बसला. "राग गेला नाहीये. पण तुमची मुलाखत त्यासाठी थांबणार नाही ना. चला... म्हणा."

मुलाखतीच्या दिवशी मोठ्या बाईंनी मागची खोली रिकामी करून दिली. पडद्यावर तीन चेहरे. नाव, काम, अनुभव... तिथपर्यंत गाडी रेटली. मग मधल्या बाईंनी विचारलं, हेच का शिकायचंय? आणि सहा आठवडे घोकलेलं सगळं भुर्रकन उडालं. कातडी नाही, मिशी नाही, काही नाही.

बारकीने डोळे मिटले, आणि तीन वर्षांपूर्वी इथे आलेल्या बाई दिसल्या. भाजल्यामुळे त्यांचा एक कान गेला होता. कान बनवता का, असं विचारायला आल्या होत्या.

"वन लेडी केम," ती म्हणाली. "नो इअर. आय मेड इअर. वॅक्स." तिने समोरची मेणाची वडी उचलली आणि बोलता बोलता बोटं चालू लागली. क्रियापदं चुकत होती, बोटं चुकत नव्हती. बाईंनी तो कान लावून आरशात किती वेळ पाहिलं, आणि मेण वितळतं म्हणून तो कसा टेबलावर परत ठेवून गेल्या, ते तिने तुटक्यामुटक्या शब्दांत सांगितलं. पडद्यावरचे तिघं पुढे झुकले होते. तिच्या तळहातावर तयार झालेल्या कानाकडे पाहत मधल्या बाईंनी विचारलं, मग तुम्हाला यश आलं म्हणायचं?

"नो," बारकी म्हणाली. "नॉट येट."

निकाल दहा दिवसांनी आला. आठांत तिचं नाव नव्हतं, प्रतीक्षायादीत पहिलं होतं. सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला. पेपरवाला नुसता शेजारी बसून तिच्याबरोबर प्लास्टर खरवडत राहिला. आणखी पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला. आठांपैकी एकाने जागा सोडली होती. बारकीने फोन ठेवला आणि मोठ्या बाईंच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली.

ती तशीच, अंगावरच्या पांढऱ्या डगल्यासकट, दोन रस्ते ओलांडून पेपरच्या कचेरीखाली गेली. तो नुकताच कामावर येत होता.

"मिळाली!"

"हं!" तो जागच्या जागी उडाला. "अगेन्स्ट ऑल ऑड्स! बाय अ व्हिस्कर! बाय द..." आणि मधेच तो थांबला. "मुलाखतीत त्यातला कोणता वाक्प्रचार वापरलात?"

"एकही नाही. सगळे विसरले."

"एकही नाही? मग मी इतके दिवस केलं काय?"

"यायचात ना," ती म्हणाली. "मला सोमवार-गुरुवारची वाट पाहायची सवय लागली. बोलायची भीती त्यातच गेली."

फुटपाथवरून माणसं जात होती. कुणीतरी तिच्या पांढऱ्या डगल्याकडे वळून पाहिलं. तो खिशात हात घालून उभा राहिला, मग हात बाहेर काढले, मग पुन्हा घातले.

"मला एक सांगायचंय. कुठल्याच भाषेत जमत नाहीये. परवा मी हरलेल्या संघाला मथळ्यात जिंकवलं. संपादक ओरडले. माझं लक्ष... माझं लक्ष तुमच्याकडे असतं. दोन महिने झाले."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"माझं कुठे असतं म्हणून समजता?" तिने मान वर केली. डोळे अजून ओलेच होते. "एकदा मला 'थांब' म्हणा."

"नाही म्हणणार. थांबवायचं असतं तर शिकवलं कशाला असतं?"

"म्हणा तरी. मला 'नाही' म्हणायचंय."

त्याला हसू फुटलं, पण ते ओठांवर टिकेना. "थांब," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

"नाही."

"मग..." तो अडखळला. "दोन वर्षांनी परत येशील?"

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

बारकीने त्याचा हात खिशातून काढला, आपल्या प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातात घेतला आणि म्हणाली, "हो. पण एकोणीस तासांची रेल्वे इकडून तिकडेही जाते बरं का... पहिल्या महिन्यात तू ये."