चार्जर लावलेलाच होता

“आत्या, आत्ताच्या आत्ता ये. परत झोपलाय मेला!”

भाची रडकुंडीला आली होती. आत्यानं चहा तसाच टाकला. गुन्हे शाखेतून निवृत्त झाल्यापासून तिला इतक्या तातडीनं कुणी बोलावलं नव्हतं.

भाचीचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतीभर तिच्या कार्टूनपटाची चित्रं, टेबलावर लॅपटॉप. ती चित्रं जोडून फिल्म तयार व्हायला लॅपटॉप रात्रभर सलग चालावा लागे. आणि आठवडाभर रोज सकाळी तो मध्येच झोपी गेलेला सापडत होता. महोत्सवाची मुदत उद्या संपत होती.

“हे बघ सेटिंग,” भाची चिडून म्हणाली. “चार्जर लावलेला असताना स्लीप, कधीही नाही. तरी हा घोरतोच!”

आत्यानं खालची ओळ वाचली. बॅटरीवर असताना, पाच मिनिटांनी.

“ते सोड गं. चार्जर कायम लावलेलाच असतो.”

“पासवर्ड कुणाला माहीत आहे?”

“मला आणि संगीतकाराला. कॉलेजपासूनचा मित्र! काल तोंडाला येईल ते बोलून हाकललं त्याला.”

“तरी रात्री हेच झालं?”

“त्यानं लांबून केलं असणार,” दारातून भाचीचा दीर म्हणाला. स्टुडिओची व्यवस्था तोच पाहायचा. “हल्ली घरबसल्या करता येतं.”

आत्या लॅपटॉपवर वाकली. “हा कडेचा दिवा नारिंगी का?”

“चार्ज होतोय. पूर्ण भरला की पांढरा होतो,” भाची म्हणाली.

“चार्जर तू आत्ता लावलास?”

“कालपासून लावलेलाच आहे. मी कशाला हात नाही लावला.”

“रात्री वीज गेली होती?”

“नाही. गेली की ते विजेवरचं घड्याळ लुकलुकत बसतं.”

घड्याळ नीट चालू होतं. आत्या दिराकडे वळली.

“स्टुडिओ बंद कोण करतं?”

“मीच. सकाळी उघडतोही मीच. किल्ली फक्त माझ्याकडे असते. वहिनींना घरी मुलांचं असतं.”

“लॅपटॉपला कधी हात लावलात?”

“मला पासवर्डच माहीत नाही, आत्या!” तो हसला.

“तुम्हाला तो लागलाच नाही.”

त्याचं हसू मावळलं.

“सेटिंग कुणी बदललंच नाही,” आत्या म्हणाली. “रात्रभर चार्जर चालू असता, तर बॅटरी केव्हाच भरली असती. ती आत्ता भरतेय, म्हणजे वीज थोड्या वेळापूर्वीच मिळाली. जाताना तुम्ही चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद करायचात. लॅपटॉप बॅटरीवर गेला, की पाच मिनिटांत झोप. सकाळी आलात की बटण पुन्हा चालू. पासवर्ड असलेल्या माणसाला हा खटाटोप कशाला? आणि संगीतकाराकडे किल्ली नाही.”

भाची दिराकडे बघतच राहिली. “भावजी?”

“दोन वर्षं मी इथं झाडू मारण्यापासून सगळं केलं,” तो एकदम उसळला. “आणि फिल्मवर नावं तुमची नि त्याची! तो गेला असता, तर मला कुणी विचारलं असतं.”

“मागितलं असतंत, तर नाव दिलं असतं हो!” भाचीचा आवाज फाटला. “किल्ली ठेवा आणि निघा.”

तो गेल्यावर तिनं बॅटरीच्या ओळीतही ‘कधीही नाही’ केलं, काम सुरू केलं आणि संगीतकाराला फोन लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

“तू नव्हतास,” ती म्हणाली. “चुकले रे मी. येतोस?”



“येईन,” तो म्हणाला. “पण आज नको. आज मला तुझा फार राग आलाय.”