दुसरं निशाण

बसा रे, आणि ते दार ओढून घ्या. एवारिस्तू माझा शेजारी, पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या बोटीचा तांडेल. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दोन वर्षांपूर्वीची पंधरा ऑगस्टची रात्र. मरियामातेचा सण. त्या दिवशी आपल्या ओर्ता बंदराच्या धक्क्यावरून सहसा कुणी बोट काढत नाही. पण एका डच पाहुण्याला मार्लिनच, तो भाल्यासारख्या चोचीचा मोठा मासाच, हवा होता आणि त्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. म्हणून एवारिस्तू निघाला. त्याच्या तीन वर्षं आधी, त्याची बायको लिओकादिया हिचा भाऊ अमारू याच बोटीवर खलाशी होता. मासा जवळ ओढायला त्याने दोराचे वेढे हाताला घेतले, ते आवळले. कापू नका, विक्रमी मासा आहे, असं त्या वेळचा पाहुणा ओरडला. एवारिस्तू क्षणभर थांबला... तेवढ्यात अमारू पाण्यात. देहसुद्धा मिळाला नाही. तेव्हापासून बोट परत येईपर्यंत लिओकादिया अन्नाला शिवत नाही. या बोटीवरून पुन्हा कुणाचा मुलगा जाऊ नये, एवढंच तिचं मातेकडे मागणं.

दिवस छान गेला. वारा पडलेला, पाणी निळंशार, पाखरांची झुंबड. दोन कुपे, म्हणजे टूना मासे, मिळाले. खलाशी नेलियूच्या घरी तान्हं बाळ, त्यामुळे स्वारी खुशीत. एवढासा मासा तर आमची आजी न्याहारीला खाते, म्हणून तो पाहुण्याला चिडवत होता.

दिवस कलला आणि मार्लिन लागला. झुंजता झुंजता अंधार पडला. मासा बोटीशेजारी उसळला, चोचीचा फटका कठड्यावर बसला, ढलप्या उडाल्या. नेलियूने दोर हाताला वेढला. मासा उलटला. दोर करकचला. हाड मोडल्याचा आवाज आला. दोन बोटं तुटून फळीवर पडली. नेलियू कमरेपर्यंत कठड्याबाहेर.

पाहुणा ओरडला. तेच शब्द.

एवारिस्तू या वेळी थांबला नाही. सुरी घेऊन धावला. रक्ताने मूठ निसटत होती. दोर कापला जाईना. नेलियूचे पाय सुटले...

आणि दोर थांबला.

मासा ओढत होता. पाणी घुसळत होतं. दोर हलेना. एवारिस्तूने वाकून पाहिलं. पाण्याखाली, नेलियूच्या मुठीपुढे... आणखी दोन हात. पांढरे. फुगलेले. माशाविरुद्ध ओढणारे.

"अमारू..."



हातांनी एकच हिसका दिला. वेढे सुटले. नेलियू मागे आदळला. मासा, दोर, हात... सगळं खाली.

धक्क्यावर लिओकादिया उपाशी उभी होती. नेलियू आपल्या पायांनी उतरला तेव्हा तिने क्रुसाची खूण केली. "दोन बोटांवर निभावलं रे बाळा," ती म्हणाली. "बाकीच्या आठांनी पोराला खेळव."

मग तिने वर, बोटीच्या डोलकाठीकडे पाहिलं.

मार्लिनचा दोर खलाशाच्या हाती आला की मासा धरला, असं आपण मानतो, आणि परतताना एक निळं निशाण चढवतो. त्या रात्री ते कुणाला सुचलंच नव्हतं. अमारूच्या माशाचंही त्या साली चढलं नव्हतं.

"निशाणं दोन कशी?" लिओकादियाने विचारलं.

एक निशाण कोरडं होतं. दुसरं चिंब, कडेला शेवाळ चढलेलं. तिने ते घरी नेलं, धुतलं, उन्हात टाकलं.

काल मी हात लावून पाहिलं, पोरांनो... अजून ओलं आहे.