चौथ्या बोअरची पेटी

आक्काचं कुणी ऐकलंच नाही. पेटी खोटं बोलतेय, असं ती दोन दिवस घसा फोडून सांगत होती, उलट तिलाच विचारलं गेलं, "बाई, मोजता येतं ना?"

सरकारी माळाखाली कोणतं खनिज किती आहे, ते ठरवायचं काम चाललं होतं. मशीनवर आक्काचा धाकटा भाऊ. मशीन जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या वर काढायचं. आक्का त्या धुऊन, पत्र्याच्या शेडमध्ये, खोलीच्या क्रमानं पेटीत मांडायची. जिथं दगड हाती लागला नाही, तिथं तेवढी जागा मोकळी सोडून लाकडी ठोकळा ठेवायचा. ठोकळ्यावर खोली लिहायची आणि ठेवणाऱ्याचं नाव. सगळेच आक्का म्हणत, म्हणून तीही तेवढंच लिही. चार यत्ता शिकलेली; तिचा आठ नेहमी आडवा पडायचा.

चौथ्या बोअरला अडतीस मीटरवर मशीनची सळई एकदम हातभर खाली गेली. म्हणजे पोकळी. आक्कानं हातभर जागा सोडून ठोकळा ठेवला. सकाळी बघते तर ठोकळा गायब, जागा भरलेली. करड्या कांड्या, तुकड्याला तुकडा चपखल.

"दगड सलग आहे, आक्का," पेट्या तपासायला आलेले साहेब म्हणाले. "पोकळी कुठंय?" तसाच अहवाल लिहिला आणि मोठं मशीन तिथंच उभं करायला सांगितलं.

"त्यावर चढू नकोस," ती भावाला म्हणाली.

"पेट्यांत राहून राहून तूही पेटी झालीस. लाव झाकण आता."

"दात काढू नकोस! तुझी पोर मी सांभाळायची का उद्या?"

तो हसतच गेला.

भर दुपारी तिनं त्या कांड्या उपसून बाहेर फेकल्या, नवा ठोकळा ठेवला, कुलूप घातलं आणि पेटीवरच ठाण मांडलं. उन्हानं पत्रा तडतडत होता. मग तिच्या खालून आवाज आला... दगडावर दगड घासल्याचा... सावकाश, कुणी आतून नीट लावत बसल्यासारखा. बुजवलेल्या विहिरीसारखा ओला वास सुटला. तिनं कुलूप काढलं. जागा भरलेली. हात लावला, कांड्या कोमट होत्या.

ती धावत सुटली. "उतर! मेल्या, उतर आधी!"

चार माणसांत शिव्या घालते म्हणून भाऊ चिडून उतरला, भांडायला दहा पावलं पुढे आला. त्याच्या मागे जमीन बसली. एवढं मोठं मशीन, आवाजही न करता आत गेलं.

संध्याकाळी चौकशीला पेटी सगळ्यांसमोर उघडली. हातभर जागा मोकळी. त्यात ठोकळा.

"बघा! आता तरी पटलं?" आक्का कडाडली.

साहेबांचा चेहरा उतरला. भावानं ठोकळा उचलला, उलटा केला. मागे काहीतरी लिहिलेलं होतं. शाई अजून ओली. आठ आडवा.

"काय आहे ते?" साहेबांनी विचारलं.

भाऊ वाचू लागला. "अडतीस मीटर... जागा भरली... भरणारी..."

तो थांबला. बहिणीकडे बघत एक पाऊल मागे सरकला.

"आक्का."